दोन वेळा की दोन-दोन तासांनी?

"वैनी, ऐकलं का? आमच्या धाकटीनं आठ किलो घालवलं!"

शेराच्या कुंपणावरून आक्कांची बातमी येते ती अशीच, आधी आकडा, मग माणूस. हातात निवडायला घेतलेली मेथी, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की अर्ध्या भोंगवली गावाला ती बातमी पुन्हा वेगळी सांगायला नको. धाकटी म्हणजे त्यांची जाऊ. दीर शिरवळच्या कंपनीत, म्हणून बिऱ्हाड तिकडेच.

"कशानं घालवलं?"

"डब्यातली पावडर. सकाळ-संध्याकाळ पान्यात घुसळायची आन् प्यायची, जेवान दुपारचं एकदाच. क्लब हाय म्हनं त्यांचा. ज्याचं उतरलं त्याला म्होरं बोलवत्यात, टाळ्या वाजवत्यात, फोटू काढत्यात. आदीचा न् आत्ताचा, शेजारी-शेजारी."

"डबा केवढ्याला?"

आक्कांनी मेथीत नजर घातली. "घरात म्हैन्याचा किराना भरंल तेवढ्याला."

दोन जेवणं काढून त्या जागी पेलाभर पेय घेतल्यावर वजन उतरणारच. त्यात पावडरीची करामत कमी, काढलेल्या जेवणांची जास्त. शिवाय पहिल्या आठवड्यात काट्यावर जी घसरण दिसते ती बरीचशी पाण्याची असते. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत धरून ठेवतं, आणि त्या साठ्याबरोबर त्याच्या तिपटीच्या आसपास पाणी. खाणं तुटलं की साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा पळतो आणि माणूस हरखतो. जेवण पूर्वीसारखं सुरू झालं की पाणी परत येतं. मी हे सगळं आक्कांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण मुद्द्याची गोष्ट त्यांनीच पुढं सांगितली.

"आता ती मलाबी म्हनती, आक्का, तुमीबी घ्या. तीन जनी जोडल्या की तिला डबा सवस्तात पडतो."

म्हणजे जाऊ आता सल्ला देणारी राहिली नाही, विकणारी झाली. बिचारीच्या मनात खोट नाही. आठ किलो खरंच उतरलेत, आणि ते उतरलेलं अंगच तिच्या दुकानाची पाटी झालंय. पुढल्या वर्षी ते आठ किलो परत आले, तर ते सांगायला ती कुंपणाशी येणार नाही, आणि तिच्या फोटोंच्या जोडीला तिसरा फोटोही कुणी लावणार नाही.

भोरच्या एसटी स्टँडावर भिंतीला चिकटवलेले कागद असतात ना, 'इतक्या दिवसांत इतके किलो'? औषधानं लठ्ठपणा घालवून देतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींसाठी केलेला तो कायदा, त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणून हुशार माणूस औषध म्हणतच नाही; चूर्ण म्हणतो, चहा म्हणतो, 'पूरक आहार' म्हणतो. पाटी तीच राहते.

"पर वैनी, डबा ऱ्हाऊ द्या. फुकट सांगत्यात त्यांचं काय? त्यांना तर काय मिळत न्हाई."

हा प्रश्न अवघड होता, कारण आक्कांच्या घरात फुकटच्या सल्ल्यावरून दोन पक्ष पडलेत. मालक दीक्षितवाले, सून दिवेकरवाली. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमाराला हे भांडण घरोघर होतं, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. पुण्या-मुंबईत ते निवलं, आमच्याकडे अजून चालू आहे.

दीक्षित म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित, तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, तेच ते ढीगभर पदव्यांचे जिचकार, २००४ मध्ये अपघातात गेले. दीक्षितांनी तो आधी स्वतःवर लावून पाहिला आणि मग गावोगाव व्याख्यानं दिली. सांगणं सुटसुटीत: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपा, गोड टाळा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. कारण हे की प्रत्येक खाण्याला शरीर इन्सुलिन सोडतं, आणि रक्तात ते सतत राहिलं तर चरबी हलत नाही. पैसे मागितले नाहीत, डबा विकला नाही. राज्य सरकारनं लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेला त्यांनाच पुढं केलं.

दिवेकर म्हणजे ऋजुता दिवेकर. करीना कपूरच्या आहारतज्ज्ञ म्हणून नाव झालं, पण त्यांचं म्हणणं ऐकलं तर आजीच बोलतेय असं वाटतं. भात खा, तूप खा, आपल्या मातीत पिकतं ते खा, उठल्याउठल्या चहा नको, झोपायच्या दोन तास आधी जेवण उरका. आणि २००९ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकातला नियम: दर दोन तासांनी थोडं थोडं खा.

दोन वेळा की दोन-दोन तासांनी? दोघंही मराठी, दोघंही शिकलेले, दोघांच्याही मागं वजन उतरलेली माणसं उभी. आक्कांच्या सुनेनं इंद्रायणीचा भात आणि वर तुपाची धार वाढली की मालक ताट सरकवतात, आणि मालकांनी सकाळचा चहा-बटर सोडला की सून म्हणते, मामा, असं उपाशी राहून आजारी पडाल.

"मंग खरं कुनाचं?" आक्का म्हणाल्या.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं यासारखाच एक तंटा तपासून पाहिला होता. ६०९ माणसं, वर्षभर. निम्म्यांना तेला-तुपाला कात्री, निम्म्यांना पोळी-भात-साखरेला. २०१८ मध्ये निकाल आला. सरासरी दोन्हीकडे सारखीच, पाच-सहा किलो कमी. पण त्याच्या पोटातली गंमत अशी की दोन्ही गटांत कुणाचे सत्तावीस किलोपर्यंत उतरले, तर कुणाचे नऊ किलो वाढले. तोच सल्ला, तेच शिकवणारे. आणि जेवणाच्या वेळेचं म्हणाल, तर चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारखंच कमी खायला सांगितलं. फक्त अर्ध्यांना ते आठ तासांत संपवायला लावलं. २०२२ मध्ये छापून आलं की दोन्ही गटांची वजनं उतरली, नाव घेण्यासारखा फरक नव्हता. एकूण पोटात किती गेलं आणि माणसाला ते किती महिने निभावलं, यावर बहुतेक सगळं ठरतं. शिरवळला रात्रपाळी करणाऱ्या दिराला दोन वेळा जमतील. पहाटे धारा काढून दिवसभर शेतात वाकणाऱ्या बाईला दोन-दोन तासांनी खायला वेळ कोण देणार?

माझं मत विचाराल तर दोन्ही पक्ष बरेचसे एकच सांगतात. बिस्किटाचा पुडा नको, फरसाण नको, थंड पेयाची बाटली नको, भुकेशिवाय खाऊ नका, चाला, वेळेवर झोपा. भांडण होतं ते उरलेल्यावर, कारण भांडायला तेच सोपं असतं.

पण मालकांचं प्रकरण वेगळं झालं, आणि ते आक्कांनी आवाज खाली आणून सांगितलं.

मालकांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं वाचून त्यांनी एका सकाळी दोन वेळांचं व्रत धरलं. गोळी मात्र नेहमीच्या वेळेला घेतली. विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि तिथंच घाम फुटला, हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी. नातू बरोबर होता म्हणून बरं. त्यानं घरातून गुळाचा खडा आणून तोंडात घातला.

साखरेच्या काही गोळ्या शरीराला जादा इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न नसेल तर साखर नको तितकी खाली येते. दीक्षित स्वतः सांगतात की सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करा, उपाशीपोटी इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर बघा, मधुमेह असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांचा डोस ठरवा. ही अट व्याख्यानात असते. पहिल्या माणसानं ती दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्यानं चार ओळींत लिहिली, तिसऱ्यानं पुढं पाठवली, आणि मालकांच्या मोबाइलवर पोचेपर्यंत 'दोन वेळा, ५५ मिनिटं' एवढंच उरलं. सल्ला गावोगाव फिरतो तेव्हा त्याच्या अटी सगळ्यात आधी गळतात. म्हणून मी आक्कांना म्हटलं, कुणीही काही सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: हे कुणी करायचं नाही? गरोदर बाईनं करायचं का? गोळ्या चालू असणाऱ्यानं? वाढत्या पोरानं? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला अर्धंच माहीत आहे.

"सगळ्यांना चालतं म्हनत्यात धाकटीच्या क्लबात."

"तेच तर, आक्का."

मधे त्यांचा पुतण्या मोटारसायकलवरून गेला, दंड दाखवणारा शर्ट घालून. आक्का लगेच तिकडे वळल्या. पोरगं नसरापूरकडे जिमला जातं, डबा तिथंही आहेच, वर जिममधल्या दादानं चरबी 'कापायच्या' गोळ्या दिल्यात. कसल्या, ते पोराला ठाऊक नाही. पाकिटावरचं नाव आक्कांना वाचता आलं नाही, आणि मला दाखवायला पोरगं तयार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या १७ सूचना काढल्या, त्यात अंग कमवायला प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट लिहिलंय. डाळ, कडधान्यं, दूध, अंडी यांतून भागतं. पण छापील सूचनेला दंड नसतात.

आमच्याकडे तालमीची परंपरा आहे, आणि जुना वस्ताद याबाबतीत सरस होता असं मला वाटतं. जोर किती, बैठका किती, दूध किती, बदाम किती, हे तो पोराचं अंग बघून ठरवायचा, आणि तापातून उठलेल्याला मातीत उतरू द्यायचा नाही. आता त्या वस्तादालाही सगळं कळत होतं असं नाही. आक्कांच्या सासऱ्यांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या. कुस्ती सुटली तरी तूप-दुधाचा खुराक सुटला नाही, आणि पन्नाशीत पोट गुडघ्यांना जड झालं. खुराक मातीत घाम गाळणाऱ्यासाठी होता. वस्तादानं कुस्ती सोडल्यावर काय खायचं ते सांगितलं नव्हतं, कारण ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"मला मातूर काय धाड भरली न्हाई," आक्का म्हणाल्या. "मी पयल्यापासनं काटकुळी."

इथं मला थांबणं शक्य नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभ्याचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो बीएमआय असतो, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला काटकुळा, आतून चरबीचा! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला, तिथं जन्मतानाच हा प्रकार दिसला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्यांचे हातपाय बारीक, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली.

त्यामुळे परदेशी तक्ता आपल्याला लावता येत नाही. तो २५ च्या पुढं जादा वजन म्हणतो, आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५३ किलोच्या पुढं गेलं की तेवढं होतं. आणि वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते: कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत. परदेशातल्या माणसानं, कितीही गोड बोलणाऱ्यानं, आपल्या शरीराचा हा स्वभाव विचारात घेतलेला नसेल तर त्याच्या सल्ल्याचा आपल्याला उपयोग अर्धाच.

आक्कांनी नकळत लुगड्याच्या गाठीवर हात ठेवला.

"आन् पुन्यातल्या माज्या भाचीनं पोटात सुई घ्यायला सुरू केलीय, वजनाची. ते तरी बरं का?"

भारतात २०२५ च्या मार्चपासून अशी नवी इंजेक्शनं आली आहेत. भूक कमी होते, वजन खरोखर उतरतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत, ब्यूटी पार्लरमध्ये घ्यायची नाहीत, आणि बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं. भाचीनं चिठ्ठी कुणाची घेतली एवढंच विचारा, असं मी सांगितलं. त्यावर आक्कांनी मौन पाळलं, त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

मग बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी मेथीची जुडी त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली. त्यांच्या भावाचं वजन गेल्या पावसाळ्यापासून आपोआप उतरलंय. काही न करता. भावजय खूश, सगळे विचारतात काय करता, आणि तो नुसता हसतो. पाणी मात्र तांब्यानं पितो, रात्री चार-चारदा उठतो.

"आक्का, हे वजन उतरणं नाही. उद्याच्या उद्या साखर तपासा त्यांची."

न मागता उतरलेलं वजन मधुमेहाचं असू शकतं, क्षयाचं असू शकतं, थायरॉइडचं असू शकतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज आहे की देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबऱ्यावर आहेत. यातल्या कितीकांना ते माहीतच नाही. त्यांना बारीक व्हायचा सल्ला देणारे मात्र दाराशी रांग लावून उभे.

या सगळ्यात एक बाई आक्कांच्या दाराशी येऊन गेली होती आणि तिचं नाव त्यांनी घेतलंच नाही. आपली आशाताई. तिच्याकडे एक फॉर्म असतो. वय काय, तंबाखू-मिश्री लावता का, दारू, आठवड्याला १५० मिनिटं तरी अंग हलतं का, आई-बापाला किंवा भावंडांना साखर-बीपी होता का, आणि टेप लावून कंबर. गुण मांडते, आणि चारच्या वर गेले की आधी तपासणीला या म्हणते. डबा नाही, फोटो नाही, टाळ्या नाहीत. सल्ला देण्याआधी प्रश्न विचारणारी या साऱ्या मंडळींत ती एकटी.

"आवो, ती व्हय? ती तर आपल्या वरच्या आळीची सून. तिला काय कळतंय?"

पिकतं तिथं विकत नाही, हे म्हणायची हीच वेळ होती, पण मी म्हटलं नाही; आक्का माझ्यापेक्षा मोठ्या. तिलाच सगळं कळतं असंही माझं म्हणणं नाही. तिला कुठं थांबायचं ते कळतं. ती फॉर्म भरते आणि डॉक्टरांकडे पाठवते, आणि डॉक्टर गोळ्या बघून सांगतात की उपास करायचा की नाही. क्लबातल्या बाईला, जिममधल्या दादाला आणि मोबाइलवरच्या अनोळखी हितचिंतकाला नेमकं तेच येत नाही. मोबाइलवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपलं शिक्षण सांगितलं पाहिजे, अशी सूचना जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये काढली. ज्यानं ते सांगितलेलं नाही त्याला तोंडावर विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

"मंग मालकांनी काय करायचं? भात खायचा का न्हाई?"

भाताचं डॉक्टरांना विचारू, असं ठरलं. आधी साखर, मग भात. धाकटीला मी काही बोलणार नाही; डबा संपेल तेव्हा तीच येईल. पुतण्याच्या गोळ्यांचं पाकीट मात्र कुणीतरी हळूच बघा, असं आक्कांना बजावून ठेवलंय.

तुमच्याही घरात असा एखादा भाऊ, मालक किंवा पुतण्या असेल. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि डबा चालू असेल तर डबासुद्धा.